लेक कॉम्प्युटर सायन्सला आणि बक्षीस मडक्यांना – लिबरल आर्ट्स कॉलेजात चाललंय तरी काय?

नॉर्थफिल्डकर | ९ जून, रात्री १०:१२

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज मुहूर्त लागला. आमची मोठी लेक कार्लटन या लिबरल आर्ट्स कॉलेजला होती (म्हणजे सायन्स, इतिहास, कला सगळं एकत्र शिकवणारं छोटं कॉलेज), याच महिन्यात संपलं. मिनेसोटात मिनिआपोलिसपासून पाऊण तासावर नॉर्थफिल्ड म्हणून गाव आहे, गाव एवढंसं पण कॉलेजं दोन, कॅनन नदीच्या एका अंगाला कार्लटन (१८६६ चं) आणि दुसऱ्या अंगाला टेकडीवर सेंट ओलाफ (१८७४ चं). गाई, कॉलेजं आणि समाधान असं गावाचं ब्रीदवाक्यच आहे, थट्टा नाही. वारा फिरला की नाश्त्याच्या सिरीयलच्या फॅक्टरीचा भाजका गोड वास गावभर पसरतो.

तर मुद्दा असा. आम्ही दोघंही मुंबईतले इंजिनियर, आमच्या डोक्यात मार्क एका वहीत आणि गाणं, चित्रकला, नाटक हे दुसऱ्या वहीत. दुसरी वही बायोडेटाच्या शेवटच्या ओळीत उघडायची, 'छंद' म्हणून. मुलगी कॉम्प्युटर सायन्सला गेली तेव्हा हायसं वाटलं, आणि मग दुसऱ्या वर्षी फोनवर म्हणाली की बाबा मी सिरॅमिक्स घेतलंय. म्हटलं घे बाई, रविवारी करत जा. तर रविवारी वगैरे काही नाही, तो रीतसर कोर्स, त्याला ग्रेड, आणि ती ग्रेड जीपीएत धरतात. इथे वर्षाच्या तीन टर्म असतात, प्रत्येकी दहा आठवड्यांच्या, आणि एका टर्मला तीनच कोर्स. म्हणजे अल्गोरिदम्स, अमेरिकन इतिहास आणि माती. तिन्हीला सारखं वजन.

मागच्या वर्षी तिची भट्टी उघडली तेव्हा सहापैकी चार वाडगे तडकलेले निघाले. मला वाटलं आता सर म्हणतील असू दे पुढच्या वेळी. सरांनी तिला सांगितलं का तडकले ते लिहून आण. मग तिने वही काढली. मी ती वही बघितलीये. मातीत पाणी किती, भिंत कुठे जाड कुठे पातळ, कुठलं ग्लेझ (वरचा चकचकीत लेप), भट्टी दर तासाला किती डिग्रीने चढवली, किती वेळात थंड केली, आणि समोर प्रत्येक तुकड्याचा फोटो चिकटवलेला, तडा कुठून सुरू झाला तिथे लाल पेनाने बाण. शेवटी निष्कर्ष की बुडाशी माती जाड राहिली आणि काठ आधी आकसला, वर ग्लेझ आणि माती यांचं आकुंचन जुळत नव्हतं. मी वीस वर्षं फेल्युअर अ‍ॅनालिसिसचे रिपोर्ट वाचतोय, ऑफिसात इतका स्वच्छ रिपोर्ट क्वचित येतो.

इथे शेवटच्या वर्षी प्रत्येकाला 'कॉम्प्स' करावं लागतं, कुठलाही मेजर (मुख्य विषय) असो सुटका नाही. कॉम्प्युटरवाल्यांचं गटात असतं, दोन टर्म एक प्रोजेक्ट आणि मग सगळ्यांसमोर प्रेझेंटेशन. आर्टवाल्यांचं प्रदर्शन लागतं. डबल मेजर असेल तर दोन कॉम्प्स. आमचीने शहाणपणाने आर्टचं दुसरं मेजर टाळलं.

आणि मग मेअखेरीस ऑनर्स कॉन्व्होकेशन. प्राध्यापक झगे घालून रांगेने येतात आणि वर्षभरातली सगळी बक्षिसं, फेलोशिपा एकामागून एक वाचतात. कुणाला फुलब्राइट, लगेच पुढे कुणाला कवितेसाठी, मग मॅथ्स, मग चेलो. वेगळं 'सांस्कृतिक' सेशन नाही. त्यात आमच्या पोरीचं नाव आलं आणि ते आलं आर्ट डिपार्टमेंटकडून. आज्जीला फोन केला तर म्हणाली, बक्षीस मिळालं ते छान, पण कॉम्प्युटरचं काय झालं?

इथे कुणाची मुलं अशा कॉलेजात आहेत का? किंवा स्वतः शिकलेलं कुणी? हा प्रकार तुम्हाला कसा वाटतो ते लिहा.

रिकामटेकडी | ९ जून, १०:३१

रुमाल टाकून ठेवते. आज्जींना साष्टांग.

इगनची_सून | ९ जून, ११:०५

अरे वा, शेजारीच की आपण! आम्ही तिथल्या दुसऱ्या कॉलेजचे भक्त. मुलगी नाही शिकत तिथे, फक्त डिसेंबरातल्या ख्रिसमस फेस्टिव्हलला जातो. सेंट ओलाफ क्वायर (गायकवृंद) १९१२ मध्ये एफ. मेलियस क्रिस्टियनसन या नॉर्वेहून आलेल्या गृहस्थांनी सुरू केला आणि फेस्टिव्हलही तेव्हापासूनचा. पाच क्वायर आणि ऑर्केस्ट्रा मिळून पाचशेच्या वर मुलं एकाच वेळी गातात वाजवतात, अंगावर शहारे येतात अक्षरशः. मुख्य क्वायर जांभळ्या झग्यात, हातात कागद नाही, सगळं पाठ.

पण सांगायचं होतं ते हे की कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी (बाहेर -१८, कुणी हलत नाही जागचं) शेजारच्या बाईंशी बोलले, त्यांचा मुलगा बेस गाणारा, तो फिजिक्सचा. पलीकडच्यांची मुलगी नर्सिंगची. म्युझिक मेजर नसलेली ढीगभर मुलं त्यात असतात. ऑडिशन मात्र सगळ्यांना सारखीच, फिजिक्सचा आहे म्हणून सूट नाही. रोज तालीम आणि ती टाइमटेबलातच बसवलेली. मला हेच आवडलं, की हौशी म्हणून कुणी पाठ थोपटत नाही, चुकलं तर चुकलं.

स्पष्टवक्ता_७१ | १० जून, सकाळी ७:४०

कौतुक वाचलं. आता थोडं कडू. या कॉलेजांची वर्षाची फी राहण्याखाण्यासकट ऐंशी हजार डॉलरच्या पुढे आहे आजकाल. तेवढ्यात इथे पुण्यात वन बीएचके येतो. ऐंशी हजार भरून मडकी करायची हे ज्याला परवडतं त्याने करावं, पण मग त्याला शिक्षणाचा आदर्श म्हणू नका. आमच्याकडे पोराने बीए घेतो म्हटलं तर घरात सुतक पडतं आणि ते उगाच नाही पडत, नोकरीचं गणित आहे त्यामागे.

नॉर्थफिल्डकर | १० जून, ७:५८

स्पष्टवक्ता, फीचा आकडा बरोबर आहे, पण तो छापील आकडा. बऱ्याच जणांना मदत मिळते आणि उत्पन्नाप्रमाणे ती खूप असू शकते. आमच्यासारख्या दोन पगारवाल्यांना मात्र चांगलीच चाट बसते, नाही म्हणत नाही. नोकरीचं म्हणाल तर तिला लागली आहे, ऑगस्टपासून. इंटरव्ह्यूत अर्धा वेळ त्या तडकलेल्या वाडग्यांवर बोलणं झालं म्हणे.

मायक्रोस्कोप | १० जून, ९:२२

मी आयोवात आहे, ग्रिनेलच्या जवळ, म्हणून दोन पैसे माझेही.

ग्रिनेल असंच कॉलेज, मक्याच्या शेतांच्या मधोमध. इंटेल काढणारे रॉबर्ट नॉइस १९४९ चे तिथले पदवीधर. फिजिक्स आणि मॅथ्स, शिवाय डायव्हिंगची चॅम्पियनशिप मारलेली, ओबो वाजवायचे, नाटकात काम करायचे. आणि एका पार्टीसाठी शेजारच्या शेतकऱ्याचं डुक्कर चोरलं म्हणून एक सेमिस्टर सस्पेंड झालेले, हीसुद्धा अचिव्हमेंटच म्हणायची. 😄 ट्रान्झिस्टर नवाकोरा असताना तो त्यांना कळला तो ग्रँट गेल या तिथल्या फिजिक्सच्या सरांमुळे. मोठ्या युनिव्हर्सिटीत अंडरग्रॅज्युएट पोराला कोण विचारतंय, इथे वर्गात मुलंच मोजकी, वर पीएचडीचे विद्यार्थी नाहीत, त्यामुळे लॅबमधलं खरं काम या पोरांच्याच अंगावर येतं.

त्याच कॉलेजचा हर्बी हॅनकॉक. इलेक्ट्रिकल इंजिनियरिंग करायला आला आणि जॅझ पियानिस्ट होऊन गेला. आणि तिथलेच थॉमस चेक, १९७० चे, केमिस्ट्रीचं नोबेल १९८९ ला. त्यांनी पुढे लेखच लिहिला होता की सायन्स शिकायला ही छोटी कॉलेजं जास्त चांगली आहेत की काय म्हणून. विद्यार्थीसंख्येच्या मानाने इथून पीएचडीला जाणाऱ्यांचं प्रमाण बघा, भल्याभल्या युनिव्हर्सिट्या मागे पडतात.

तेव्हा सुतकाचं कारण नाही.

स्पष्टवक्ता_७१ | १० जून, ९:४१

नॉइस आणि हॅनकॉक ही अपवादाची उदाहरणं झाली. त्या बॅचमधल्या बाकीच्यांचं काय झालं ते कोण सांगणार? बाकी डुक्कर आवडलं.

आव्वाज_कुणाचा | १० जून, दुपारी १:१५

मला इथे वेगळीच शंका आहे. आयडीवरून कळलंच असेल, आम्ही पुरुषोत्तमवाले, म्हणजे पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेचे. महाराष्ट्रीय कलोपासक १९६३ पासून ही स्पर्धा घेतायत, भरत नाट्य मंदिरात, आणि पुण्यातल्या कॉलेजांमधली निम्मी नाटकवेडी मंडळी त्यातून निघालीत. आमचं कसं होतं, जुलै महिना उजाडला की वर्गात पाय ठेवायचा नाही, कॅन्टीनमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रात्री दोनपर्यंत तालीम, सर येऊन ओरडणार, अटेंडन्स भरत नाही म्हणून घरी पत्र जाणार, आणि प्रयोगाच्या दिवशी तेच सर तिसऱ्या रांगेत बसून घसा फोडून आव्वाज कुणाचा म्हणणार. एक मार्क मिळत नव्हता याचा. एक क्रेडिट नाही. आणि म्हणूनच ते नाटक आमचं होतं.

तुमच्या कॉलेजात नाटकाला ग्रेड. म्हणजे पोरगं नाटक करताना विचार कसला करणार, ए की ए मायनस? क्रेडिट आलं की खाज गेली असं माझं स्पष्ट मत आहे. आणि एक सांगा, ग्रेड देणारे सर कधी म्हणतील का की यंदा कुणीच लायक नाही? २०२२ ला पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी अंतिम फेरीत करंडक कोणालाच दिला नव्हता. केवढा गदारोळ झाला होता. पण ती धमक त्या स्पर्धेत आहे.

रिकामटेकडी | १० जून, १:२०

आव्वाज, खाज गेली ला +१००. टीशर्टवर छापा.

अवनी_के | १० जून, संध्याकाळी ६:०३

आव्वाज, तुमचं रोमँटिक आहे सगळं, पण मी त्याच शेडमधली मुलगी आहे म्हणून सांगते. (कॉलेज सांगत नाही, ओळखणारे ओळखतील.) रात्री दोनपर्यंत तालीम ज्यांना घरून परवानगी होती त्यांनाच जमायची. आमच्या ग्रुपमध्ये चौदा मुलगे आणि तीन मुली, त्यातल्या दोघी पेठेत राहणाऱ्या म्हणून. मी हडपसरहून यायची, शेवटची बस गाठायची म्हणून मला कधी रोल मिळाला नाही, तीन वर्षं प्रॉपर्टी आणि मेकअप सांभाळला. तेच नाटक सकाळी अकराच्या तासाला टाइमटेबलात असतं तर? आई म्हणाली असती जा, कॉलेजच आहे. तुमची खाज ही तुम्हाला परवडत होती.

फिरोदिया करंडक स्पर्धेचंही तेच. नाटक, गाणं, नाच, चित्र, शिल्प असं सगळं एकाच सादरीकरणात स्टेजवर, आणि त्यात इंजिनियरिंगची पोरं किती पुढे असतात ते सगळ्यांना माहितीये. म्हणजे कला आणि अभ्यास एकाच डोक्यात मावतात हे आपल्याकडे वर्षानुवर्षं सिद्ध झालंय, फक्त कॉलेज ते स्वतःच्या हिशोबात धरत नाही. करंडक आला की प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये काचेच्या कपाटात. त्या मुलाची केटी ती केटीच.

आव्वाज_कुणाचा | १० जून, ६:४०

अवनी, बसचं खरं आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण परीक्षकाचा मुद्दा सोडत नाही मी.

नॉर्थफिल्डकर | १० जून, रात्री ९:१०

परीक्षकाचं सांगतो. सिरॅमिक्सची ग्रेड वाडगा सुंदर झाला की नाही यावर कमी आणि 'क्रिटिक'वर जास्त असते असं तिचं म्हणणं. म्हणजे सगळे वाडगे टेबलावर मांडायचे, करणाऱ्याने तोंड मिटून उभं राहायचं आणि बाकीच्यांनी बोलायचं. पहिल्या क्रिटिकनंतर आमची रडत फोनवर आली होती, कुणीतरी म्हणालं की हा वाडगा कॉम्प्युटरने केल्यासारखा वाटतो. पुढच्या वर्षापर्यंत ती स्वतः लोकांना रडवायला लागली असावी. कुणीच लायक नाही असं म्हणणारे सर आहेत का, विचारून सांगतो, पण मुलं एकमेकांना म्हणतात हे नक्की.

पेठकरीण | ११ जून, सकाळी ६:३०

धागा वाचून राहवलं नाही. कार्लटन आणि ग्रिनेल ही नावं आमच्या घरात १९७० च्या दशकापासून आहेत!

तुमच्या त्या मिडवेस्टातल्या छोट्या कॉलेजांचा एक संघ आहे, एसीएम. कार्लटन, ग्रिनेल, सेंट ओलाफ, मॅकलेस्टर, बेलॉइट असे बरेच त्यात. त्यांनी १९६९ पासून पुण्यात इंडिया स्टडीज प्रोग्रॅम चालवला. मुलं यायची, पुण्यातल्या घरांत राहायची, मराठी शिकायची, आणि शेवटी प्रत्येकाने स्वतःचा एक प्रोजेक्ट करायचा. आमच्याकडे आईने एका मुलीला ठेवून घेतलं होतं, मी तेव्हा सातवीत. उंच, लांब स्कर्ट, आणि मराठी बोलायची ती पुस्तकातली. पहिल्याच दिवशी जेवताना आजीला म्हणाली, 'आजी, आपण मला मीठ द्याल का?' आजी म्हणाली, मी काय कलेक्टर आहे? मीठ दे म्हण.

प्रोजेक्टला तिने आधी गणपतीचे देखावे घेतले होते. मग एकदा आजीला गव्हले करताना गुणगुणताना ऐकलं आणि ओव्या हाच विषय धरून बसली. आजीचं म्हणणं त्यात काय लिहायचंय, ते काय शिक्षण आहे का. पण ही रोज दुपारी टेपरेकॉर्डर घेऊन ओट्याशी. आजी एकच ओवी दोनदा म्हणाली आणि दुसऱ्यांदा शब्द बदलला की ही लगेच थांबवायची, आजी काल 'बंधू' होतं आज 'भाऊराया' का? आजीला पहिल्यांदा राग आला, मग ती विचार करून उत्तरं द्यायला लागली. की बाई माहेरचा मुऱ्हाळी (न्यायला येणारा) येणार असला की भाऊराया येतं तोंडात. आमच्यापैकी कुणी हे कधी विचारलं नव्हतं. नंतर अमेरिकेहून टाइप केलेल्या निबंधाची कॉपी आली, त्यात आजीच्या नावाखाली ओव्या छापलेल्या. आजी चौथी शिकलेली. तिने चष्मा लावून सगळं तपासलं आणि दोन चुका काढल्या.

नॉर्थफिल्डकर, तुमच्या लेकीच्या वाडग्यांवरून हे आठवलं. ओव्या म्हणजे घरकामातली गुणगुण, त्या मुलीच्या कॉलेजात त्याला मार्क होते.

अवनी_के | ११ जून, ८:१५

पेठकरीण, निव्वळ अप्रतिम. आजींचा जास्त परिचय द्या, वेगळा धागाच काढा.

टेकडीवरचा | ११ जून, १०:४८

कार्लटनचं नाव निघालं आणि अजून एलिनॉर झेलियटबाईंचा उल्लेख नाही म्हणजे काय. १९६९ ते १९९७ त्या कार्लटनला इतिहास शिकवत होत्या. त्याच १९६९ ला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून पीएचडी, विषय डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ. ज्या काळात आपल्याच विद्यापीठांत या विषयाला हात लावायला लोक बिचकायचे तेव्हा आयोवात जन्मलेली क्वेकर बाई महाराष्ट्रात येऊन कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेत होती. आणि परत कला वेगळी अभ्यास वेगळा असं बाईंनी केलं नाही. दलित कविता, चोखोबाचे अभंग, एकनाथांची भारुडं ही त्यांच्या इतिहासाची साधनं. २०१६ ला गेल्या. मिनेसोटाच्या बर्फात बसून पोरं भारुडावर निबंध लिहीत असतील याची कल्पना करा.

त्यांच्या विद्यार्थिनी गेल ऑम्व्हेट याही तिथल्याच.

मायक्रोस्कोप | ११ जून, ११:०२

छोटी दुरुस्ती. गेलताई कार्लटनच्या पदवीधर हे खरं, पण झेलियटबाईंच्या विद्यार्थिनी नव्हेत. १९६९ ला बाई रुजू झाल्या तेव्हा गेलताई केव्हाच तिथून बाहेर पडलेल्या. त्यांची पीएचडी बर्कलेची, १९७३, महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर. मग कासेगावला भारत पाटणकरांशी लग्न करून कायमच्या महाराष्ट्रातल्या झाल्या, १९८३ ला भारतीय नागरिकत्वही घेतलं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये गेल्या.

म्हणजे एकाच छोट्या कॉलेजाची एक विद्यार्थिनी आणि एक प्राध्यापिका, दोघींचं आयुष्य फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्राच्या अभ्यासात गेलं. हा मात्र चमत्कारिक योगायोग.

स्पष्टवक्ता_७१ | ११ जून, दुपारी १२:३०

आजी आणि झेलियटबाई दोन्ही वाचलं. फीबद्दलचं मत कायम. पण आमच्या सोसायटीतली एक मुलगी यंदा इथेच चार वर्षांच्या लिबरल आर्ट्सला गेलीय, नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून हे कोर्स बरेच निघालेत, तिच्या वडिलांना हा धागा पाठवतोय. त्यांना धीर हवाय.

नाशिकचा_नाद | ११ जून, संध्याकाळी ७:५५

सगळ्यांनी छान लिहिलंय. माझा प्रश्न प्रॅक्टिकल आहे. मुलगा अकरावीला, फिजिक्स करायचंय, आणि तबला आठ वर्षं चाललाय, मध्यमा परीक्षा पूर्ण झालीय. (१) तबल्याचा अ‍ॅडमिशनला खरंच उपयोग होतो का, की नुसतं सर्टिफिकेट जोडायचं? (२) आम्हाला मदतीशिवाय शक्य नाही, भारतातून अर्ज केला तर मिळते का?

नॉर्थफिल्डकर | ११ जून, रात्री ८:४०

नाद, सर्टिफिकेटाला तिथे कुणी विचारत नाही, मध्यमा म्हणजे काय हेच त्यांना माहीत नसतं. बऱ्याच कॉलेजांत 'आर्ट्स सप्लिमेंट' म्हणून सोय असते, व्हिडिओ अपलोड करायचा आणि तो तिथल्या म्युझिकच्या प्राध्यापकांकडे जाऊ शकतो. ठेवतात की नाही आणि किती मिनिटांचा चालतो ते प्रत्येक कॉलेजच्या साइटवर बघ, नियम वेगळे असतात.

मदतीचं म्हणशील तर बहुतेक कॉलेजं परदेशी मुलांच्या बाबतीत पैशाची गरज बघून निर्णय घेतात, म्हणजे मदत मागितली की चुरस वाढते. अ‍ॅमहर्स्ट, बोडन अशी मोजकी आहेत जी परदेशी मुलांनाही घरची परिस्थिती न बघता प्रवेश देतात आणि लागेल तेवढी मदत करतात. प्रवेश अर्थात महाकठीण. ती यादीत ठेवच, पण नुसती तीच नको.

आव्वाज_कुणाचा | ११ जून, ९:०५

नाद, व्हिडिओचं माझ्याकडून. एडिटिंग अजिबात नको, एका टेकमध्ये. कॅमेरा तोंडावर नको हातांवर, बायाँ (डावा डग्गा) दिसला पाहिजे. लेहरा (मागे वाजणारी धून) ऐकू येईल इतका मोठा पण तबल्याला दाबणारा नको. आणि पोराला सांग सुरुवातीलाच रेला (जलद बोल) झोडू नकोस, पेशकार (सुरुवातीची संथ मांडणी) नीट मांड, समोर बसलेल्याने आयुष्यात तबला ऐकला नसला तरी बढत कळते. कायदा (ठरावीक बोलांची रचना) कुठला करणारे?

नाशिकचा_नाद | ११ जून, ९:१२

तीनताल, दिल्लीचा. तिस्र (तीनच्या) जातीतही बसवतोय म्हणतो. गुरुजी म्हणतात आधी चतुस्र (चारची) नीट कर.

पेठकरीण | ११ जून, ९:३०

गुरुजींचं ऐका.